एकमताने मंजूर झालेलं बेट

पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाला बळी न पडता आणि परिणामांची कल्पना असताना, मी पुढील गंभीर बाब जाहीर करतो आहे. धरणातल्या एका बेटावर, मुलं आणि कुत्री यांच्यासह, तंबू ठोकून एक मुक्काम करायचा, असा ठराव आमच्या कुटुंबाने एकमताने मंजूर केला. सूचक माझी मुलगी, वय वर्षं अकरा. अनुमोदक माझे साडू. आणि त्या एकमतात ज्याचा हात सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा उंच वर गेला, तो मी.

मला पोहता येत नाही.

पोहणं सोडा, पिंपात तांब्या बुडाला तर मी बायकोला हाक मारतो.

आता कुणीही विचारेल की सहलीला ठराव कशाला लागतो? तर आमच्या घरात लागतो. आमच्या आजोबांच्या वेळेपासून वस्तीत सगळं सभेने चाललं. नळ कुठे बसवायचा, बुद्धपौर्णिमेच्या खिरीला दूध किती, पोरांच्या अभ्यासाला कुणाची खोली, सगळं सभेत. वस्ती सुटली, माणसं बिल्डिंगींत गेली, पण सवय सुटली नाही. आमची ताई उल्हासनगरला राहते. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाली, पण मनाने अजून झालेली नाही. लाल कापडी पुठ्ठ्याची इतिवृत्ताची वही तिच्या पर्समध्ये असते, बाकी बायकांच्या पर्समध्ये रुमाल असतो तशी. आणि तिचे दोन कडक नियम आहेत. मुलांनाही मत. एकमताने झालेला ठराव रद्द करायचा तर तोही एकमतानेच. म्हणजे एकदा हात वर केलात की खाली आणायला अख्खं खानदान लागतं.

मग मी हात वर केलाच का?

त्यासाठी शेळीची गोष्ट सांगायला हवी.

आमच्याकडे पूर आला होता, तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. नदीच्या बाजूला बैठ्या चाळीत मी एकटा राहायचो. त्या पुरात मी शेजारच्यांची शेळी खांद्यावर टाकून गळ्याइतक्या पाण्यातून पोहत शाळेपर्यंत नेली. ही गोष्ट मी साखरपुड्यात सांगितली आहे, बारशात सांगितली आहे, कारखान्याच्या नाटकाच्या तालमीत चहा यायला उशीर झाला तेव्हा सांगितली आहे. एकदा एका अंत्यविधीनंतरही सांगितली, आणि लोकांना बरं वाटलं. माझ्या गोष्टीत पाणी दरवर्षी थोडं थोडं वाढत गेलं. नंतर एक साप आला. एक वाहून आलेलं कपाट आलं. शेळी मात्र तीच राहिली.

गोष्ट खोटी आहे. शेळी खरी, पूर खरा. पाण्यातून आली ती ताई. तिने शेळीला नेलं आणि मलाही नेलं. हे जगात दोघांनाच माहीत होतं, मला आणि ताईला. ताईने कधी चकार शब्द काढला नाही. उलट चारचौघांत मी जरा गप्प बसलो की म्हणायची, "सांग रे, ती शेळीची सांग," आणि पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर बघत बसायची.

यंदा शाळेत मुलीला 'माझा आदर्श' यावर निबंध आला. तिने माझ्यावर लिहिला. शेळी, साप, कपाट, सगळं घातलं. बाईंनी तो वर्गात वाचायला लावला. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "तुझा पप्पा फेकू आहे."

माझी लेक घरी आली ती दप्तरासकट माझ्यासमोर उभी राहिली. "मी त्याला बोलले, थांब. आम्ही पाण्यावर जाणार आहोत. पप्पा पोहतील, मी व्हिडिओ काढून आणते. पप्पा, तुम्ही पोहणार ना?"

तिच्या डोळ्यांत माझ्यावरचा विश्वास काठोकाठ भरला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा, त्याच्या कडेला बारीकशी शंका. ती शंका बघितली आणि मी म्हणालो, "पोहणार म्हणजे? तुला पाठीवर घेऊन पोहणार."

पुढच्या रविवारी ताईने सभा बोलावली. आमच्या हेंद्रेपाड्याच्या घरी, हॉलमध्ये. हजर सभासद: ताई, मी, माझी बायको, मुलगी, अंबरनाथहून आलेले साडू आणि त्यांचे जुळे मुलगे, वय नऊ. मुलीने उभं राहून मागणी केली की दोन्ही कुत्र्यांची नोंद 'निमंत्रित' म्हणून व्हावी. तशी झाली. त्यातला आमचा कुत्रा म्हणजे बेलवलीच्या बाजारातून मुलीच्या मागे चालत आलेला, तांबूस, एक कान मोडलेला प्राणी. अंघोळीचं नाव काढलं की दिवाणाखाली जातो. पाण्याच्या बाबतीत घरात फक्त त्याचं आणि माझं पटतं. साडूंचा कुत्रा लॅब्रेडोर. तो माणसासारखा खातो आणि गोदामासारखा दिसतो. बाथरूमचं दार उघडं मिळालं की बादलीत बसायचा प्रयत्न करतो.

सभेच्या सुरुवातीला त्रिशरण-पंचशील झालं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे आल्यावर ताईचा आवाज जरा चढला, किंवा मला तसं वाटलं. मी ते वाक्य नेहमीप्रमाणे खोकून काढलं.

ठराव मांडला गेला. साडूंनी अनुमोदन दिलं. साडू एमआयडीसीत लेथवर आहेत, हाताने काहीही बनवतात आणि कुणी न विचारता बनवतात. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आपल्याला काय, साडूभाऊ आहेत की. बोट उलटली तर सगळ्यांना खांद्यावर घेतील. शेळीपेक्षा जड फक्त मीच."

सगळे हसले. मुलगी माझ्याकडे बघत होती. माझा हात वर गेला.

त्या दिवसापासून मी घरात कैद्यासारखा फिरू लागलो, फक्त मला सोडून कुणाला ते माहीत नव्हतं. पण मी सभांमध्ये वाढलेला माणूस आहे. विषय मारायचा कसा, हे मला चांगलं कळतं. मी लगेच सूचना मांडली की या कामासाठी एक उपसमिती नेमावी. उपसमिती नेमली की विषय मेला, हा आमच्या वस्तीचा अनुभव आहे. स्मशानाच्या रस्त्याची उपसमिती मी लहान असताना नेमली होती, तिच्यातले तीन सभासद त्याच खड्ड्यांतून गेले, तरी अहवाल आलेला नाही. म्हणून मी मोठ्या मनाने म्हटलं, "मुलांचीच उपसमिती करा. त्यांचीच सहल आहे."

हे माझ्या हातून झालेलं सर्वांत मोठं चुकलेलं राजकारण. मुलांची उपसमिती काम करते. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की करायचं नसतं.

चौथ्या दिवशी मुलीने ताईच्या फोनवरून मुरबाडच्या बाजूच्या एका बोटवाल्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. धरणाच्या फुगवट्यात त्याचं बेट होतं. मी शेजारी बसून मनात म्हणत होतो, कुत्र्यांना नाही म्हण बाबा, कुत्र्यांना नाही म्हण.

"काका, कुत्रे चालतील का? दोन आहेत."

"आना की. फकस्त आमचा बोका हाय बेटावर, त्याच्या वाटंला जाऊ नका सांगा त्यांना."

"बोटीत भीती नाही ना?" हा प्रश्न मी विचारला, मुलांच्या वतीने.

"कसली भीती? जाकेट देतो ना. आन पानी काय लय नाय. दोन पुरुस असंल. मधी तीन."

दोन पुरुष खोल! म्हणजे माझ्या डोक्यावर मी उभा राहिलो तरी वरचा मी बुडणार. मी उठून गॅलरीत गेलो. समोर सोनिवलीच्या बाजूला नवीन टॉवर उठत होते, तिथे क्रेनच्या टोकाला एक बादली लटकत होती. मला तिच्याविषयी आपुलकी वाटली.

तंबूची जबाबदारी ताईने घेतली. उल्हासनगरच्या माणसाला कॅम्पचं अप्रूप नाही, तिथल्या भागांनाच कॅम्प एक, कॅम्प दोन म्हणतात; ताईचा जन्म एका कॅम्पात, शाळा दुसऱ्यात आणि दवाखाना तिसऱ्यात. पण तंबू तिने पहिल्यांदाच घेतला. दुकानदार सिंधी, तिचा जुना विद्यार्थी. त्याने दुकानातच तंबू उभा केला, ताईला आत बसवलं आणि बाहेरून विचारलं, "मॅडम, कैसा लग रहा है?" ताई आतून म्हणाली, "अरे, चेन अडकली." तिला बाहेर काढायला म्हणे पंधरा मिनिटं लागली, तोवर तिने आतूनच पिशवी, खुंट्या आणि दोरी मोफत मिळवली.

माझ्याकडे आता एकच बाण उरला होता. पुढच्या सभेत मी उभा राहिलो. नाटकातला आवाज लावला. "तालमीशिवाय प्रयोग करणारा नट आणि तयारीशिवाय पाण्यात उतरणारा माणूस, दोघांचंही हसं होतं. माझी सूचना आहे की आधी रंगीत तालीम व्हावी. बेट, बोट, तंबू, कुत्री, सगळं धरून. त्याशिवाय तारीख ठरवू नये." माझा हिशेब असा की तालमीला जागा मिळणार नाही, आणि विषय पावसाळ्यापर्यंत लांबेल.

"आमच्या बिल्डिंगची गच्ची," मुलगी म्हणाली.

"सेक्रेटरी परवानगी देणार नाही," मी म्हणालो.

ताईने वही मिटली, अर्ज लिहिला, दोन मजले खाली गेली आणि सही घेऊन आली. सेक्रेटरीही तिचा विद्यार्थी निघाला. या बाईने उल्हासनगर, अंबरनाथ आणि आमचं, या तिन्ही गावांत नेमकी किती मुलं शिकवून ठेवली आहेत, याची चौकशी व्हायला पाहिजे.

साडू म्हणाले, "बोट मी आणतो."

रविवारी दुपारी चार वाजता आम्ही सगळे गच्चीवर. साडूंनी अंबरनाथहून टेम्पोत बोट आणली होती. ट्रकच्या टायरच्या फुगवलेल्या दोन ट्यूब, त्यांवर दोरीने आवळलेली फळी, आणि फळीला वेल्डिंग केलेलं हँडल. "गावाला तळ्यात असंच तरंगायचो आम्ही," ते म्हणाले. "आणि ही माझी तर चार माणसं आणि एक म्हैस घेईल."

"म्हैस नकोय, लॅब्रेडोर आहे," माझी बायको म्हणाली. तिला मी पोहत नाही एवढं माहीत होतं, कारण लग्नानंतर समुद्रावर मी चपला सांभाळायला बसलो होतो. पण माझं तेव्हाचं म्हणणं होतं की पुरात पोहलेल्या माणसाला समुद्राचं काय. तिने त्यावर काही विचारलं नव्हतं. बायका सगळं विचारत नाहीत, साठवतात.

मुलीने तालमीचे नियम वाचून दाखवले. बेटावर नेटवर्क नाही, म्हणून सगळ्यांचे मोबाइल खाली कुकरच्या डब्यात. सहा वाजेपर्यंत कुणीही बेट सोडायचं नाही. कुत्री जिन्यातून पळतात, म्हणून गच्चीच्या दाराला आतून कुलूप. किल्ली तिच्या गळ्यात, सुतळीने.

"मला जरा खाली जाऊन यायचंय," मी म्हणालो.

"कशाला?"

मी करंगळी दाखवली.

"बेटावर संडास झुडपामागे आहे," एक जुळा म्हणाला आणि सेक्रेटरीच्या बायकोच्या कोरफडीच्या कुंडीकडे बोट केलं.

तंबू उभा राहिला. साडूंनी तो उभा केला आणि मी सूचना दिल्या. लॅब्रेडोर आत जाऊन झोपला, तर तंबूला बाहेरून पोट आलं. मग बोटीचा प्रवेश. जुळे चढले. लॅब्रेडोर बोट बघून तंबूतून धावत आला, पण साडूंनी त्याचा पट्टा धरला, आधी छोटं वजन, मग मोठं. आमच्या तांबूसरावांनी बोटीकडे एकदा बघितलं आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले. गच्चीवर पाणी नव्हतं, बोट होती फक्त, पण त्यांना अर्थ कळला होता.

मुलीने त्याला ओढलं, बिस्कीट दाखवलं. तो हलेना. मग ती माझ्याकडे वळली. "पप्पा, तुम्ही बसा. तुम्ही बसलात की तो येतो. तो तुमचंच ऐकतो."

सगळे माझ्याकडे बघत होते. ताई खुर्चीत बसून वही उघडून. मी कारखान्याच्या नाटकांत दोनदा फाशी गेलेला माणूस आहे, चालताना पाय कसे टाकायचे मला ठाऊक आहे. मी तसाच गेलो. एक पाय फळीवर ठेवला. ट्यूब दबली. दुसरा पाय उचलला, आणि खालची जमीन नावाची गोष्ट संपली.

मी बसलो. खरंच बसलो. हँडल दोन्ही हातांनी धरलं. मुलगी टाळ्या वाजवायला लागली. कुत्रा टाकीमागून हळूहळू आला, माझ्याकडे संशयाने बघत, आणि पुढचे दोन पाय फळीवर ठेवले. तेवढ्यात जुळ्यांपैकी एकाला वाटलं की बेटावर लाटाही असणार. त्याने बोट हलवली. दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने. आणि साडूंच्या हातून पट्टा सुटला.

गोदाम हवेत आलं. फळी एका बाजूला खाली गेली, मी दुसऱ्या बाजूला वर गेलो, आभाळ, टाकी, डिश अँटेना, सगळं एकातून एक फिरलं, आणि माझ्या तोंडून, चौथ्या मजल्यावरून तिसऱ्या बिल्डिंगपर्यंत ऐकू जाईल असा आवाज निघाला:

"धरा! धरा मला! मला पोहता येत नाही!"

सगळं थांबलं. कुत्रीसुद्धा.

"पप्पा," मुलगी हळूच म्हणाली, "हे सिमेंट आहे."

मी खाली बघितलं. सिमेंटच होतं. माझे पाय त्याच्यापासून वीतभर वर होते आणि मी लॅब्रेडोरच्या गळ्याला मिठी मारून बसलो होतो. तो माझा कान चाटत होता.

साडू हसायला लागले, मग माझ्या बायकोने त्यांच्याकडे बघितलं आणि ते थांबले. मुलगी हसत नव्हती. "नाही येत म्हणजे? आता नाही येत?"

आता इथे मला खूप चांगली उत्तरं सुचली, आजही पाठ आहेत. खांद्याचं दुखणं. डॉक्टरांनी मना केलंय. त्या सापानंतर. पण ताई वहीवर पेन टेकवून बसली होती, आणि काहीच लिहीत नव्हती.

"कधीच येत नव्हतं," मी म्हणालो.

"मग शेळी?"

"ती आत्याने आणली."

तिने आत्याकडे बघितलं. आत्याने मान हलवली. मुलगी वळली, आमच्या कुत्र्याला उचललं, तंबूत गेली आणि आतून चेन लावली. किल्ली तिच्या गळ्यात. वाजले होते साडेचार.

त्या दीड तासाइतका मी कुठेच अडकलेलो नाही, पुरात धरून. जुळे कोपऱ्यात कुजबुजत होते. साडू ट्यूबमधली हवा उगाच तपासत होते. माझी बायको टाकीच्या सावलीला बसून, माझ्याकडे न बघता, शेंगदाणे सोलत होती, आणि एकही मला देत नव्हती. खाली उतरायची सोय नाही, फोन नाही, पेपर नाही. माझ्याकडे एकच गोष्ट होती जी मी करू शकतो. मी तंबूसमोर मांडी घालून बसलो आणि निळ्या कापडाशी बोलायला लागलो.

"सकाळी दहाला पाणी उंबऱ्याशी आलं," मी म्हणालो. "चाळीतली सगळी माणसं निघाली. पाणी गुडघ्याएवढं होतं. गुडघ्याएवढ्या पाण्यातून पोरं चालत गेली, म्हाताऱ्या चालत गेल्या. मी सगळ्यांना सांगितलं, तुम्ही व्हा पुढे, मी सामान बघतो. सामान म्हणजे एक गादी आणि स्टोव्ह. खरं म्हणजे मला ते पाणी मातीच्या रंगाचं दिसत होतं, तळ दिसत नव्हता, आणि माझा पाय उचलत नव्हता. शेजारच्या बाईने शेळी माझ्या हातात दिली. म्हणाली, भाऊ, हिला माळ्यावर धर, पोरांना सोडून येते. मग पाणी वाढलं आणि तिला परत येता आलं नाही. मी आणि शेळी माळ्यावर."

मी मांडी बदलली.

"संध्याकाळपर्यंत. खाली भांडी तरंगत होती, एकमेकांवर आपटत होती. मी घाबरलो की मोठ्याने नाटक म्हणायचो. स्पर्धेचं नाटक होतं, संहिता माझ्याजवळ होती. पहिला अंक शेळीने नीट ऐकला. दुसरा अंक तिने खाल्ला."

कोपऱ्यातून एक जुळा फिसकन हसला. दोघे थोडे जवळ सरकले.

"मग बाहेरून आवाज आला. 'आहेस का रे?' तुझी आत्या. तिला गावच्या विहिरीत पोहायला आमच्या आजोबांनी शिकवलं होतं, मला शिकवायला घेतलं तेव्हा मी आजोबांनाच बुडवत होतो. ती म्हणाली, आतून कौलं सरकव. मी सरकवली, डोकं बाहेर काढलं. बघतो तर आत्या गळ्याएवढ्या पाण्यात, वळचणीला एका हाताने धरलेली, आणि दुसऱ्या हातात मंडळाचा टोप."

"कसला टोप?" हे साडूंनी विचारलं. त्यांना राहवलं नाही.

"खिरीचा. बुद्धपौर्णिमेला अख्ख्या वस्तीची खीर होते तो. आत एक माणूस बसेल एवढा. तो तरंगत होता. मी म्हटलं, ताई, आलो. आणि पाय बाहेर टाकला. तर ताई म्हणते, 'थांब. आधी शेळी दे.'"

"काहीतरीच," माझी बायको म्हणाली. शेंगदाणे थांबले होते.

"मी म्हटलं, ताई, अगं मी? तर ही म्हणते, 'ती गाभण आहे. तू आहेस का?'"

ताईने खुर्चीतून शांतपणे सांगितलं, "मग? होतीच गाभण. दोन पिल्लं झाली नंतर."

"शेळी टोपात बसून गेली. राणीसारखी, मागे वळूनही बघितलं नाही. आणि मी कौलांतून डोकं काढून अर्धा तास उभा. अख्ख्या चाळीत दिसत होतं फक्त माझं डोकं. मला वाटत होतं, ताई परत येणार नाही. तिने शेळीची निवड केली. मला पटतही होतं ते. मग आली. मी टोपात बसलो, गुडघे हनुवटीला, डोळे मिटून. ती ढकलत होती, पोहत होती आणि सगळा वेळ मला रागावत होती. 'हलू नकोस. खीरसुद्धा एवढी हलत नाही.' सत्तावीस वर्षांचा होतो मी."

तंबूचं कापड आतून जरा हललं. कुत्रा असेल, किंवा नसेल.

"शाळेच्या मागे कुणी नव्हतं, तिथेच तिने शेळी बांधली होती आणि मला उतरवलं. शेळी घेऊन आम्ही पुढे गेलो तर पायरीवर सगळे जमले होते. कुणीतरी विचारलं, शेळी कुणी आणली? आत्या म्हणाली, 'आम्ही दोघांनी.' माझी अब्रू राहावी म्हणून. बस, तिथून सुरू झालं."

"मी दोघांनी म्हटलं होतं," ताई म्हणाली. पंचवीस-एक वर्षांत पहिल्यांदा ती या विषयावर मनातलं बोलत होती, आणि तिचा आवाज मुख्याध्यापिकेचा नव्हता. "दुसऱ्या वर्षी हा सांगायला लागला की ताई काठावर उभी होती. तिसऱ्या वर्षी मी घरी होते. पुढे पुढे मी त्या गोष्टीत राहिलेच नाही. मी म्हटलं जाऊ दे, लोक हसतात, पोराला बरं वाटतं."

मला वाटलं होतं ताई त्या गोष्टीवर इतकी वर्षं मनात हसते. तिला काही लागलं असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. तंबूकडे बघत राहिलो. "चूक माझी आहे," मी म्हटलं, कुणाला ते मलाही नीट माहीत नव्हतं. "आणि उद्या वर्गात त्या पोराला तुला काय सांगायचं ते सांग. फेकू सांग. खरंच आहे."

खालून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी आली. मग चेन सरकायला लागली, मधेच अडकली, आणि जुळ्यांनी बाहेरून जोर लावला तेव्हा एकदम उघडली. मुलगी गुडघ्यांवर बाहेर आली. डोळे लाल होते. तिने आधी माझ्याकडे नाही, ताईकडे बघितलं.

"आत्या, तू पप्पांना सोडून आधी शेळीला नेलंस? खरंच?"

"हो."

"आणि पप्पांचं डोकं नुसतं कौलांतून बाहेर?"

"नारळ ठेवल्यासारखं," ताई म्हणाली.

मुलीने ओठ दाबून धरले. ती मला माफ करणार की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळत नव्हतं, आणि मी तिचा चेहरा अकरा वर्षं वाचतो आहे.

"बेटावर येणार का तुम्ही?" तिने विचारलं.

"येईन. बोटीत मधोमध बसेन. जाकीट घरूनच घालून निघेन. आणि कुणीतरी माझा हात धरायचा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिला ते टोपातलं, गुडघे हनुवटीला लावलेलं ध्यान दिसलं असावं, कारण तिचा चेहरा एकदम सुटला, आणि ती दोन्ही हात हवेत टाकून, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी ओरडली:

"काय पप्पा, मग हीच सांगायची ना इतकी वर्षं, ती पोहायची स्टोरी किती बोअर होती यार!"